सर्वाधिक गुण कुणाचे आणि सामना कुणामुळे जिंकला: बास्केटबॉलचे आकडे वाचायचे कसे

जिल्ह्याची किंवा संभागाची टीम जाहीर झाली की इंदुरातल्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला एक वाद ठरलेला असतो. कुणाचे तरी बाबा म्हणतात, "आमच्या मुलाने दर मॅचला अठरा-वीस पॉइंट केले तरी नाव नाही, आणि तो सहा पॉइंटवाला आत!" कोच म्हणतो, "काका, तो टीमला जिंकवतो." काकांना ते पटत नाही, कारण कोचकडे दाखवायला काही कागद नसतो. असा कागद तयार करता येतो. त्यात कोणते आकडे घ्यायचे, कोणते फसवतात आणि साधी वही-पेन घेऊन काय काय मोजता येतं, ते इथे पाहू.

सुरुवात अगदी बाळबोध गोष्टीपासून. ज्याचे गुण जास्त तो जिंकतो, म्हणजे सामन्याचा निकाल दोन टीमच्या गुणांतला फरक ठरवतो. खेळाडूचं योगदान मोजायचं म्हणजे तो कोर्टवर असल्यामुळे हा फरक किती हलला ते शोधायचं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या 82 सामन्यांच्या मोसमात सरासरी फरक दर सामन्याला 1 गुणाने सुधारला तर अंदाजे अडीच विजय वाढतात. सरासरी 4 गुणांनी पुढे असणारी टीम 41 ऐवजी 51 सामन्यांच्या आसपास जिंकते. म्हणून जो आकडा या फरकाशी जोडलेला नाही, तो कितीही मोठा असला तरी त्याने करंडक मिळत नाही.

मोजायचं एकक: पझेशन

एका टीमच्या हातात चेंडू आला आणि बास्केट होऊन, चेंडू गमावून किंवा चुकलेल्या शॉटनंतर समोरच्याने चेंडू पकडून (याला रिबाउंड म्हणतात) तो दुसऱ्या टीमकडे गेला, की एक पझेशन संपलं. चेंडू आळीपाळीने जात असल्याने संपूर्ण सामन्यात दोन्ही टीमना जवळपास सारखीच पझेशन मिळतात. मग प्रश्न उरतो तो दर पझेशनमागे किती गुण केले आणि किती दिले, एवढाच.

पझेशन मोजायला कोर्टवर डोळे लावून बसावं लागत नाही, हिशोबाने काढता येतात. एकूण शॉट घ्यायचे, त्यातून आपले ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटचे परत मिळवलेले चेंडू) वजा करायचे, टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) मिळवायचे आणि फ्री थ्रोच्या (फाऊलमुळे मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) संख्येला 0.44 ने गुणून तेही मिळवायचे. समजा टीमने 62 शॉट मारले, 10 ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, 16 वेळा चेंडू गमावला आणि 18 फ्री थ्रो मारले. 62 वजा 10, अधिक 16, अधिक 7.92, म्हणजे सुमारे 76 पझेशन. गुण 68 झाले असतील तर दर पझेशनला 0.89.

0.44 का, हे सगळेच विचारतात. प्रत्येक पझेशनच्या शेवटी दोनच फ्री थ्रो मिळत असते तर आकडा 0.5 आला असता. पण बास्केट होऊन वर एक फ्री थ्रो मिळतो, टेक्निकल फाऊलचा एक मिळतो, तीन गुणांच्या शॉटवर फाऊल झाला तर तीन मिळतात. या सगळ्याची सरासरी 0.44 पडते. हा एनबीएच्या नोंदींतून आलेला आकडा आहे. शालेय सामन्यात थोडाफार इकडेतिकडे होईल, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही.

पझेशनचा हिशोब नसेल तर मोठमोठे आकडेही चकवतात. 1961-62 च्या मोसमात विल्ट चेंबरलेनने दर सामन्याला सरासरी 50.4 गुण आणि 25.7 रिबाउंड केले. इतक्या गुणांपर्यंत आजवर कुणी पोहोचलेलं नाही. पण त्या काळी खेळ फार पळता होता, शॉट आणि चुकलेले शॉट दोन्ही आजच्याहून कितीतरी जास्त, आणि विल्ट बहुतेक सामने पूर्ण वेळ खेळायचा. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मात्र बिल रसेलला मिळाला, आणि विजेतेपदही त्याच्याच बोस्टनला.

गुण किती आणि त्यासाठी चेंडू किती वापरला

कोर्टाच्या कडेचा वाद बहुतेक इथेच सुटतो. दोन कल्पित खेळाडू घेऊ. 7 नंबरने 24 शॉट मारले, 8 बास्केटमध्ये गेले, त्यातले 3 तीन गुणांचे. फ्री थ्रो 4 पैकी 3. एकूण 22 गुण. टर्नओव्हर 5. 11 नंबरने 9 शॉट मारले, 5 गेले, त्यातला 1 तीन गुणांचा. फ्री थ्रो 4 पैकी 3. एकूण 14 गुण. टर्नओव्हर 1.

स्कोअरशीटवर 22 विरुद्ध 14 दिसतं. आता 'ट्रू शूटिंग' काढू: गुणांना भागायचं, शॉट अधिक 0.44 गुणिले फ्री थ्रो यांच्या दुपटीने. 7 नंबरसाठी 24 अधिक 1.76 म्हणजे 25.76, दुप्पट 51.52, आणि 22 भागिले 51.52 म्हणजे 43 टक्क्यांच्या आत. 11 नंबरसाठी 10.76 ची दुप्पट 21.52, आणि 14 भागिले 21.52 म्हणजे 65 टक्के.

टर्नओव्हर धरले तर अंतर आणखी वाढतं. 7 नंबरने स्वतःच्या हाताने (शॉट, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर मिळून) जवळपास 31 चाली संपवल्या, 11 नंबरने 12 च्या आत. समजा टीम एका चालीमागे सरासरी 0.85 गुण करते. मग 31 चालींत टीमने एरवी सुमारे 26 गुण केले असते, 7 नंबरने 22 केले: चार कमी. 11 नंबरच्या 12 चालींत एरवी 10 झाले असते, त्याने 14 केले: चार जास्त. त्या दिवशी सर्वाधिक गुण करणाऱ्याने टीमचे चार गुण घालवले होते. (चुकलेल्या काही शॉटचे रिबाउंड आपल्यालाच मिळतात, त्यामुळे खरं नुकसान याहून थोडं कमी. पण दिशा तीच.)

इथे लगेच 11 नंबरला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. तो फक्त रिकामे, सोपे शॉट घेत असेल आणि ते रिकामे होण्यामागे 7 नंबरवर धावून जाणारे दोन डिफेंडर असतील, तर 65 टक्के त्याच्या एकट्याचे नाहीत. म्हणून टक्केवारीसोबत 'यूसेज' पाहायचा: खेळाडू कोर्टवर असताना टीमच्या किती टक्के चाली त्याने संपवल्या. पाच जण आहेत, म्हणून सरासरी 20 टक्के. 30 टक्के यूसेज ठेवून टीमच्या सरासरीइतकी ट्रू शूटिंग राखणारा गडी मोलाचा, कारण त्याचे शॉट दुसऱ्या कुणाला घ्यायला लावले तर तेही अवघड झाले असते. 12 टक्के यूसेज आणि 65 टक्के ट्रू शूटिंगवाला कामाचा आहे, पण त्याला दुप्पट शॉट दिले तर टक्केवारी तिथेच राहील असं धरून चालू नये. सहसा ती घसरते.

फील्ड गोलची साधी टक्केवारी आता बाजूला ठेवलेली बरी. तीन गुणांचा शॉट 36 टक्क्यांनी मारणं आणि दोन गुणांचा 54 टक्क्यांनी मारणं हे गुणांच्या हिशोबात सारखंच, पण साध्या टक्केवारीत पहिला नालायक ठरतो. ही चूक दुरुस्त करणाऱ्या आकड्याला 'इफेक्टिव्ह फील्ड गोल' म्हणतात. त्यात तीन गुणांची प्रत्येक बास्केट दीड धरतात आणि मग एकूण शॉटने भागतात.

टीम म्हणून कुठे हरतो हे शोधायला बास्केटबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक डीन ऑलिव्हरची चार घटकांची मांडणी अजूनही सगळ्यात सोपी. त्याने दिलेलं वजन असं: शूटिंग 40 टक्के, टर्नओव्हर 25, ऑफेन्सिव्ह रिबाउंड 20, फ्री थ्रो मिळवणं 15. ही वजनं एनबीएची. चौदा-सोळा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात आमच्या मते टर्नओव्हरचं वजन याहून बरंच जास्त असतं, कारण प्रेस लावली, म्हणजे कोर्टभर दाटून अडवलं, की निम्मी टीम चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेतानाच गमावते.

बाकीचे रकाने काय सांगतात, काय लपवतात

रिबाउंडचे दोन प्रकार एकत्र मोजणं ही सर्वात जुनी खोड. चुकलेल्या शॉटपैकी सुमारे 70 ते 75 टक्के रिबाउंड डिफेन्सच्या बाजूलाच मिळतात. त्यामुळे एका खेळाडूने डिफेन्सिव्ह रिबाउंड घेतला नसता तर बऱ्याचदा त्याच्याच शेजारच्याने घेतला असता. ऑफेन्सिव्ह रिबाउंड मात्र समोरच्याच्या तोंडचा घास काढून आणलेला असतो. त्याची किंमत वेगळी धरा.

त्यातही एक गोम आहे. उंच सेंटर पाठ लावून समोरच्या सेंटरला अडवून धरतो (याला बॉक्स आउट म्हणतात), चेंडू मोकळा पडतो आणि गार्ड तो सहज उचलतो. नाव गार्डचं लागतं. 2016-17 मध्ये रसेल वेस्टब्रुकने सरासरी 31.6 गुण, 10.7 रिबाउंड आणि 10.4 असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) केले. त्यातल्या अनेक रिबाउंडमागे त्याचा साथीदार, सेंटर स्टीव्हन ॲडम्सने धरलेला बॉक्स आउट होता. ॲडम्सचे स्वतःचे डिफेन्सिव्ह रिबाउंड त्याच्या धिप्पाड अंगाच्या मानाने कमी दिसत. म्हणून खेळाडूच्या रिबाउंडपेक्षा तो कोर्टवर असताना टीमने एकूण किती टक्के रिबाउंड घेतले, हा प्रश्न जास्त खरा.

असिस्ट मोजणाऱ्याच्या मनावर असतो. पास घेऊन शूटरने दोन ड्रिबल घेतले तर असिस्ट द्यायचा की नाही? एक जण देतो, दुसरा देत नाही. स्पर्धेत नोंद ठेवणारे बदलले की असिस्टची तुलना कुचकामी होते. स्टील, म्हणजे समोरच्याचा चेंडू हिसकावणं, हा महागाचा रकाना आहे, कारण समोरच्याचं पझेशन जातंच आणि वर आपल्याला बहुधा मोकळा लेअप (बास्केटच्या अगदी जवळून सोपा शॉट) मिळतो. पण प्रत्येक पासवर झडप घालणारा गार्ड तीनदा चुकून एकदा स्टील करतो, आणि त्या तीन वेळी त्याची टीम चार विरुद्ध पाच खेळते. चुकलेल्या झडपांचा रकाना कुठेच नसतो.

ब्लॉकचं, म्हणजे हवेतला शॉट अडवण्याचंही तसंच. चेंडू गॅलरीत भिरकावला तर टाळ्या मिळतात, चेंडू समोरच्याकडेच राहतो. बिल रसेल ब्लॉक केलेला चेंडू आपल्या साथीदाराकडे टॅप करायचा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये पझेशनही यायचं. त्याने 13 मोसमांत 11 विजेतेपदं मिळवली आणि त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही, कारण एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली 1973-74 मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. जे मोजलं गेलं नाही ते घडलंच नाही असं मानायचं, तर रसेलचं करायचं काय?

सगळं मिळून एकच आकडा

सगळे रकाने एकत्र करून एक आकडा काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आकडेवारीत दिसणारी 'एफिशिएन्सी' अशी: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांची बेरीज, त्यातून चुकलेले शॉट, चुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा. अनेक मोबाइल ॲप हाच आकडा देतात.

याची गंमत हिशोबातच लपली आहे. दोन गुणांचा शॉट गेला तर अधिक 2, चुकला तर उणे 1. म्हणजे तीनपैकी एक शॉट गेला की हिशोब बरोबरीत, आणि 34 टक्क्यांनी शॉट मारणाऱ्याची एफिशिएन्सी प्रत्येक शॉटगणिक वाढत जाते! तीन गुणांच्या शॉटला तर चारपैकी एक पुरतो. प्रत्यक्षात 34 टक्क्यांनी दोन गुणांचे शॉट मारणारी टीम सपाटून मार खाते.

जॉन हॉलिंजरचा 'गेम स्कोअर' याहून बारकाईने बनवलेला आहे: प्रत्येक शॉट मारल्याबद्दल 0.7 वजा, गेलेल्या शॉटला वर 0.4 अधिक. दोन गुणांचा शॉट गेला तर 1.7 मिळतात, चुकला तर 0.7 जातात. बरोबरी येते 29 टक्क्यांवर. तीन गुणांच्या शॉटला 21 टक्क्यांच्याही आत. म्हणजे इथेही जास्त शॉट मारणाऱ्याचंच फावतं. त्याच हॉलिंजरचं 'पीईआर' टीमच्या वेगाचा आणि मिनिटांचा हिशोब धरतं, लीगची सरासरी 15 ला बांधतं, पण भरपूर शॉट मारणाऱ्याकडे झुकण्याची सवय त्यालाही आहे. डिफेन्सबद्दल त्याला स्टील, ब्लॉक, डिफेन्सिव्ह रिबाउंड आणि फाऊल यापलीकडे काही कळत नाही.

'विन शेअर्स' टीमचे विजय खेळाडूंत वाटून देतं. 48 मिनिटांमागे 0.100 ही सरासरी. कल्पना चांगली, पण डिफेन्सचं बरंचसं श्रेय टीमच्या एकूण डिफेन्सवरून वाटलं जात असल्याने चांगल्या टीममधला ढिला डिफेंडरही तरून जातो.

बॉक्स स्कोअरच्या (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याच्या) रकान्यांतून काढलेल्यांत आम्हाला 'बॉक्स प्लस-मायनस', म्हणजे बीपीएम, सर्वात पुढचा वाटतो. डॅनियल मायर्सने तो बांधला, 2020 मध्ये सुधारून पुन्हा मांडला. कोणत्या रकान्याला किती वजन द्यायचं हे त्याने आपल्या मनाने ठरवलं नाही. अनेक वर्षांच्या गुणफरकाच्या नोंदींशी रकाने ताडून वजनं काढली. सरासरी खेळाडू 0. +5 म्हणजे हा खेळाडू 100 पझेशनमागे सरासरी खेळाडूपेक्षा टीमला 5 गुणांनी पुढे नेतो. मात्र वजनं एनबीएच्या खेळाची आहेत. बारावीच्या मुलांच्या आकड्यांवर तोच फॉर्म्युला चालवला तर उत्तर येईल, अर्थ नसेल.

प्लस-मायनस: वहीत कसं मांडायचं

यात खेळाडूने काय केलं हे बघतच नाहीत. तो कोर्टवर असताना आपली टीम किती गुणांनी पुढे गेली किंवा मागे पडली, एवढंच लिहितात. कल्पना आइस हॉकीतून आली. एनबीएच्या रोजच्या बॉक्स स्कोअरमध्ये हा रकाना 2007-08 पासून आहे. ह्यूस्टनचा शेन बॅटिए हे याचं नेहमीचं उदाहरण. गुण बेताचे, रिबाउंड बेताचे, पण तो कोर्टवर आला की समोरच्याचा मुख्य शूटर आपल्या नावडत्या जागेवरून शॉट मारायला लागायचा आणि ह्यूस्टन पुढे सरकायचं.

आपल्याकडे अडचण एकच. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छापील स्कोअरशीटवर सुरुवातीच्या पाचांपुढे गोलातला 'एक्स' असतो, आणि बेंचवरून कुणी पहिल्यांदा आत आला की त्याच्या नावापुढे साधा 'एक्स'. नंतर तो किती वेळा बाहेर गेला, आत आला, याची नोंद नाही. चालत्या गुणांच्या रकान्यात बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांच्या शॉटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. चुकलेला शॉट कुठेच नाही. त्यामुळे सामना संपल्यावर स्कोअरशीटवरून ना ट्रू शूटिंग काढता येतं, ना प्लस-मायनस. एक माणूस वही घेऊन वेगळा बसवावा लागतो.

त्याने प्रत्येक बदलाच्या वेळी चार गोष्टी लिहायच्या: क्वार्टर, घड्याळ, स्कोअर आणि आता कोर्टवर असलेले पाच नंबर. पहिला क्वार्टर असा दिसेल:

10:00, 0-0: 4, 7, 9, 11, 15
5:40, 9-10: 7 बाहेर, 6 आत
2:15, 17-12: 15 बाहेर, 8 आत
0:00, 19-18

पहिला तुकडा उणे 1. दुसऱ्यात आपण 8 केले, 2 दिले: अधिक 6. तिसऱ्यात 2 केले, 6 दिले: उणे 4. आता प्रत्येकाच्या खात्यात तो कोर्टवर असलेले तुकडे मांडा. 4, 9 आणि 11 नंबर पूर्ण क्वार्टर खेळले, प्रत्येकी अधिक 1. 7 नंबर उणे 1. 6 नंबर अधिक 2. 15 नंबर अधिक 5. 8 नंबर उणे 4.

हिशोब जुळला का हे तपासायची खूण पक्की आहे: सगळ्यांची बेरीज गुणफरकाच्या पाचपट आली पाहिजे. वर 1, 1, 1, उणे 1, 2, 5, उणे 4, म्हणजे 5. आणि फरक 1 गुणाचा. जुळलं. सामना 8 गुणांनी जिंकला तर बेरीज 40 हवी. मिनिटांची बेरीजही 200 आली पाहिजे, आणि पाच मिनिटांचा ओव्हरटाइम झाला तर 225. बेरीज चुकली तर नव्वद टक्के वेळा टाइमआउटमधला बदल लिहायचा राहिलेला असतो. दोन्ही टीम घोळका करून उभ्या असतात आणि कोण परत आलं ते लिहिणाऱ्याला दिसत नाही. टाइमआउट संपल्यावर पाचही नंबर पुन्हा वाचायची सवय लावली की हा घोळ थांबतो.

दुसरी नेहमीची गफलत फ्री थ्रोची. फाऊल झाला, बदल झाला, मग फ्री थ्रो मारले गेले. ते गुण कुणाच्या खात्यात? फाऊल घडला तेव्हा कोर्टवर असलेल्यांच्या खात्यात टाकणं न्याय्य. नवा आलेला डिफेंडर अजून पाऊलही हललेला नसतो, त्याच्या नावावर उणे 2 का? काहीही ठरवा, पण पूर्ण स्पर्धेत तेच ठेवा.

एका सामन्याच्या प्लस-मायनसवर कुणालाही दोष देऊ नका

हे वेगळं सांगावं लागतं, कारण हा रकाना पहिल्यांदा हाती आला की कोच लगेच बेंचवर बोट दाखवायला लागतात. एका पझेशनचा निकाल 0, 1, 2 किंवा 3 गुण. त्याचा चढउतार साधारण 1.1 गुणांचा. खेळाडू 25 मिनिटं खेळला तर दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 90 पझेशन झाली. 90 चं वर्गमूळ साडेनऊ, गुणिले 1.1, म्हणजे जवळजवळ 10. म्हणजे अगदी सरासरी खेळाडूचं प्लस-मायनसही निव्वळ नशिबाने अधिक 10 ते उणे 10 मध्ये कुठेही पडू शकतं, आणि कधीकधी त्याबाहेरही. 16 सामने जमले की हा चढउतार चौथाईवर येतो, दर सामन्याला अडीच गुण. तेव्हा दोन खेळाडूंत सरासरी पाच-सहा गुणांचा फरक असेल तर बोलण्यात काही अर्थ आहे.

या नशिबात सर्वात मोठा वाटा समोरच्याच्या तीन गुणांच्या शॉटचा. आपला माणूस कोर्टवर असताना समोरच्याचे तीन-चार लांबचे शॉट ओळीने गेले, की त्याचा आकडा बुडाला. फ्री थ्रोही तसेच. समोरच्याने फ्री थ्रो चुकवला यात कुठल्या डिफेंडरचं कर्तृत्व?

शालेय स्पर्धेत आणखी एक भर. 62-14 असे निकाल सर्रास लागतात. अशा सामन्यात कोण अधिक 30 झाला याला काडीचं मोल नाही. 20 गुणांपेक्षा जास्त फरकाने संपलेले सामने वेगळे काढा, आणि बाकीच्यांतही चौथ्या क्वार्टरमध्ये फरक 20 च्या वर गेला की पुढची नोंद हिशोबात धरू नका.

मग उरतो साथीदारांचा प्रश्न. टीमच्या सर्वोत्तम खेळाडूसोबत कायम उतरणारा साधा गडीही अधिक दिसतो. हे सोडवण्याची रीत समजायला पोहे-जिलबीचं दुकान पुरे. भाव लिहिलेले नाहीत, फक्त लोकांची बिलं हाती आहेत. एकाने दोन पोहे आणि एक जिलबी घेतली, दुसऱ्याने एक पोहे आणि दोन जिलब्या. दोन बिलं समोर ठेवली की दोन्ही भाव निघतात. कोर्टवरचा प्रत्येक तुकडा हे असंच बिल: आपले पाच, समोरचे पाच आणि गुणफरक. अशी हजारो बिलं एकत्र सोडवून प्रत्येकाचा भाव काढायचा. अर्थशास्त्रज्ञ डॅन रोझेनबॉमने 2004 मध्ये ही रीत लोकांपुढे मांडली. तिला ॲडजस्टेड प्लस-मायनस म्हणतात. पण सगळी गिऱ्हाईकं पोहे आणि जिलबी नेहमी एक-एकच घेत असतील तर? भाव वेगळे निघतच नाहीत. एकाचा वाट्टेल तेवढा फुगतो, दुसऱ्याचा उणे जातो. कायम जोडीने खेळणाऱ्या दोघांचं नेमकं हेच होतं. 2010 मध्ये जो सिलने यावर उपाय मांडला: पुरेसा पुरावा नसेल तोवर प्रत्येक खेळाडूचा आकडा सरासरीकडे ओढून ठेवायचा. याला रेग्युलराइज्ड ॲडजस्टेड प्लस-मायनस, थोडक्यात आरएपीएम म्हणतात. खेळाडूचा विजयातला वाटा मोजण्यात आजही हाच पाया मानला जातो. नव्या आकड्यांत याच पायावर बॉक्स स्कोअर आणि कॅमेऱ्यांची माहिती चढवतात. एनबीएच्या सर्व मैदानांत खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे 2013-14 पासून आहेत.

आरएपीएमला हजारो पझेशन लागतात. इंदुरातल्या क्लबच्या वर्षभराच्या सामन्यांत ते जमणार नाही, आणि जमवायचा अट्टहासही नको. त्याऐवजी साधा 'ऑन-ऑफ' बघा: खेळाडू आत असताना 40 मिनिटांमागे फरक किती, बाहेर असताना किती. मात्र सोबत त्याच्या जागी कोण उतरतो हेही लिहा. बेंचवर त्या जागेला दुसरा खेळाडूच नसेल तर कुणाचाही ऑन-ऑफ देखणा दिसतो.

निवडीच्या कागदावर काय असावं

स्पर्धा संपल्यावर एका खेळाडूसाठी आम्ही या क्रमाने रकाने ठेवू. आधी मिनिटं, कारण बाकी सगळं त्यावर भागायचं. मग ट्रू शूटिंग आणि यूसेज शेजारी-शेजारी, एकट्याने कधीच नाही. मग 40 मिनिटांमागे टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड आणि स्टील. त्यानंतर अटीतटीच्या सामन्यांतलं एकूण प्लस-मायनस आणि ऑन-ऑफ. एकूण गुण सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. प्लस-मायनस आणि बाकीचे रकाने एकच सांगत असतील तर निवड सोपी. दोन्हींचं जमत नसेल, म्हणजे रकाने उत्तम आणि टीम सतत मागे, किंवा उलट, तर त्या खेळाडूच्या दोन सामन्यांचा मोबाइलवरचा व्हिडिओ लावून फक्त डिफेन्स बघायचा. उत्तर बहुधा तिथे सापडतं: हेल्पला, म्हणजे साथीदाराच्या मदतीला, उशिरा जाणं, वाट अडवून उभ्या खेळाडूच्या स्क्रीनवर अडकणं, शॉट मारल्यावर जागेवर उभं राहून निकाल बघणं आणि तोवर समोरच्याचा फास्ट ब्रेक.

याच बघण्यातून तीन रकाने हाताने भरता येतात: बॉक्स आउट धरला का, पासला हात लागून चेंडूची दिशा बदलली का, ऑफेन्सिव्ह फाऊल काढला का. बेंचवरचा बारावा गडी कागदावर रेघा ओढत हे सहज करतो, आणि त्या निमित्ताने खेळही बघायला शिकतो. मात्र मोजायचं काम सामना चालू असताना मुलांना ऐकू येईल असं करू नये. हात लागलेल्या पासचे गुण मिळतात हे कळलं की दोन दिवसांत सगळे गार्ड आपला माणूस सोडून पासच्या वाटेत उड्या मारायला लागतात, आणि मागे लेअप मोकळा पडतो. रोजचा कागद कोचच्या पिशवीत राहू द्या, मुलांना दाखवायचा तो पूर्ण स्पर्धेची बेरीज झाल्यावर.